‘तूर्तास’ ठेवायचा की काढायचा

दि. ४

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र परवा मिळालं. देशाच्या मुख्य बँकेत प्रशिक्षणार्थी अधिकारी होऊन तुला तीन आठवडे झाले आणि तू अजून दारावरच्या पहारेकऱ्यालाच सर म्हणतेस, हे ऐकून आई हसता हसता खोकायला लागली. मग पुढचंही वाचून दाखवलं. बंद खोलीत आठ मोठी माणसं, मसुदा मोठ्याने वाचायला तू, आणि ‘व्याजदर तूर्तास आहेत तेच राहतील’ यातला ‘तूर्तास’ ठेवायचा की काढायचा यावर अख्खी सकाळ भांडण. पाणी पिताना पेला तुझ्या दातांवर वाजला म्हणे! अगं, बँक आहे की शुद्धलेखनाचा वर्ग?

माझं म्हणशील, तर कॉलेज अर्धवट सोडल्याचा पश्चात्ताप अजून तरी झालेला नाही. फ्रेमच्या दुकानात काचा कापतो. काचांबरोबर दोन बोटंही कापली. ‘तिच्या’ घरी गेलो होतो. तिचे वडील, ते सरकारी रोख्यांचे दलाल, मला आजवर पायपुसण्याच्या पुढे येऊ देत नव्हते. मी तिला तुझ्या ‘तूर्तास’ची गंमत सांगत होतो, तर ते आतून उठून आले, मला खुर्ची दिली आणि पुन्हा सांग म्हणाले. ताई, खुर्ची! ती दाराआडून बघत होती. बसायचं कसं तेच मला आठवेना.

कानपिळणी असू दे, पण लोभही असू दे.
तुझा,
फटाक्या


दि. ७

चि. फटाक्यास अनेक आशीर्वाद.

हे पत्र एकट्याने वाच. आईच्या हाती लागू देऊ नकोस.

रुजू झाले त्याच दिवशी माझी सही घेतली होती, की खोलीतला शब्द खोलीबाहेर जाणार नाही. तोच मी तुला लिहून पाठवला. त्या दिवशी मी घाबरले होते, आणि घाबरले की मला तुझ्याशी बोलावंसं वाटतं. कारण एवढंच, आणि ते कोणत्याही चौकशीत चालणार नाही. निर्णय पंधरा तारखेला जाहीर व्हायचा आहे. ‘तूर्तास’ राहिला तर दर लवकरच हलणार, गेला तर बराच काळ हलणार नाहीत. हे ज्याला आधी कळलं त्याला रोख्यांच्या बाजारात रान मोकळं. वेड्या, ती खुर्ची तुला नव्हती दिली रे.

जिन्यात पावलं वाजली की मलाच बोलवायला आलेत असं वाटतं. आज आमच्या विभागप्रमुख बाईंनी नुसतं जेवलीस का विचारलं, तर माझ्या हातातली फाइल पडली. खरं सांग, कोणी कोणी ऐकलं? फोन करू नकोस, हॉस्टेलचा फोन सगळ्यांसमोर आहे.

रागावलेली नाही, नुसती भ्यालेली,
ताई


दि. १०

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

आईने, तिने आणि तिच्या वडिलांनी. बाकी कोणी नाही.

काल त्यांनी मला बोलावून घेतलं. शब्द राहिला की गेला, एवढंच बहिणीकडून मागव, सोळा तारखेला आपण लग्नाचं बोलायला बसू, असं तिच्यासमोर म्हणाले. तुझ्याशी खोटं कशाला बोलू? घरी येऊन मी तसं पत्र लिहिलं. पाकीट चिकटवायला जीभ लावली आणि तुझी ती ‘भ्यालेली’ सही डोळ्यांपुढे आली. पत्र फाडलं. मग डोकं सटकलं. तसाच परत त्यांच्या घरी गेलो, त्यांना नाही नाही ते बोललो, त्यांची खुर्ची लाथेने उडवली. ते जागचे हललेसुद्धा नाहीत. एवढंच म्हणाले, की तू तोंड उघडलंस तर बहिणीचं नाव माझ्याही तोंडात आहे.

तुझं पहिलं पत्र मी जाळलं. आता कोण काय सिद्ध करणार? तुला माझी शपथ, गप्प राहा.

तुझा लोभ शिल्लक आहे ना? विचारायलाही भीती वाटते.
फटाक्या


दि. १२

चि. फटाक्यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र येताच मी बाईंकडे जाऊन सगळं सांगितलं.

त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि मला दोनदा तेच सांगायला लावलं. त्या आठ जणांच्या समितीने तो मसुदा बाजूला ठेवलाय, निवेदन नव्याने लिहिलं जाईल. मला त्या खोलीत जायला बंदी आहे. दिवसभर जुन्या अहवालांच्या खोलीत बसते. कोणी बोलत नाही.

सोबत एक कागद आहे. खबर पुढे कोणाकडे गेली ते तू तुझ्या हाताने लिहून सही करायची आहे. आठवड्यात आला नाही, तर मी कोणाला तरी पाठीशी घालतेय असं धरतील आणि नोकरी गेलीच. आला, तर बाई म्हणाल्या, बघू. बघू, एवढंच.

त्यात तिच्या वडिलांचं नाव लिहिलंस तर त्या घराचं दार तुला कायमचं बंद होईल, हे मला कळतं. म्हणून लिहीच असं मी म्हणणार नाही. आईला सांग, मी मजेत आहे.

काहीही लिहिलंस तरी तुझीच,
ताई


दि. १४

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

कागद भरलाय. तिच्या वडिलांचं नाव, पत्ता, ते काय म्हणाले ते शब्दशः, आणि खाली माझी सही. सही वाकडी आली आहे. बोटाच्या पट्टीमुळे, असं आईला सांगितलं.

या कागदाचं तिला काही माहीत नाही. आधी तिला सांगावं म्हणून दुकानातून लवकर निघालो होतो, कागद खिशात होता. तिच्या गल्लीच्या तोंडाशी आलो आणि थांबलो. मी मला ओळखतो, ताई. ती रडली आणि फाड म्हणाली, तर मी तिथेच उभ्या उभ्या फाडेन. म्हणून परत फिरलो आणि पोस्टाच्या बाकावर बसून हे लिहितोय.

हे आधी पेटीत टाकतो. मग तिच्याकडे जातो.

तुझा,
फटाक्या