चार आणे हिरवा

हिमायतनगर, हैदराबाद
९ जानेवारी २०२५

चि. सौ. मालन हीस, दादाचे अ. उ. आ.

तुझं पत्र, फोटो आणि हिम्मतरावांचा मोरनोंदणीचा अर्ज पोचला. अर्ज वाचून शिसारी आली, समोरचा चहा तसाच गार झाला. तुझ्या नवऱ्याने नव्या मोरापुढे 'शुद्ध हिरवा' लिहिलंय आणि नाव काय, तर माझ्यावरून 'एकनाथी'! बाप आठ आणे हिरवा, आई आठ आणे हिरवी, म्हणून पोर सोळा आणे? अगं, ही काय चिल्लर आहे, बेरीज करायला? आपल्या बेगम बाजारच्या दुकानात अर्ध्या भेसळीची मिरची अर्ध्या भेसळीच्या मिरचीत ओतली तर अस्सल होते का? उरलेलं आठ आणे रक्त आपल्या निळ्या मोराचं, ते जाईल कुठे?

आता फोटो. जावाकडच्या हिरव्या मोराचा तुरा भाल्यासारखा उभा, गालावर पिवळं. याचा तुरा पंख्यासारखा पसरलेला, गाल चुना फासल्यासारखे. मला तर आठ आण्यांचीही शंका येते. तिकडच्या मोर पाळणाऱ्यांची किळस येते ती यामुळेच. पाय उंच दिसले की 'पाचूराजा', मान चमकली की 'जावा सम्राट' नाव ठोकतात. म्हणून तर तुमच्या तिकडच्या मोर पाळणाऱ्यांच्या मंडळाने नऊ वर्षांपूर्वी मोरांच्या वंशाची नामावळी माझ्याकडे दिली. मी जन्मात मोर पाळला नाही, इथे कायद्याने पाळताही येत नाही. पण आबिड्सच्या फुटपाथवरची पुस्तकं आणून पीस न् पीस शिकलो, तेही कुणाला न विचारता.

एप्रिलात यादी छापायची आहे. असल्या घाणीवर माझं नाव नक्को, म्हणावं. उत्तर पत्रानेच दे. फोन नोंदवहीत चिकटवता येत नाही.

थंडीत जपून राहा.
तुझा दादा, एकनाथ

ऑस्टिनजवळ, टेक्सास
२ फेब्रुवारी २०२५

ती. दादास, मालनचा शि. सा. न.

पत्र ह्यांना वाचून दाखवलं. पिंजऱ्यावर तुझ्या नावाची पाटी स्वतः कोरून लावली होती, ती काढून ठेवली. एवढंच म्हणाले की, हे सगळं शिकवलं दादांनी, म्हणून पहिला चांगला मोर त्यांच्या नावाचा. बेरीज चुकली रे, पण मायेने चुकली. आणि तुला मिरचीशिवाय दुसरं काही सुचत नाही का?

पण गाल पांढरे का, ते मला ठाऊक आहे. २०२१ साली तू ह्याच्या आईचा फोटो मागितलास, तेव्हा आमची लांडोर पिसं झडून उघडीबोडकी झाली होती. तुला असलं बघवत नाही, म्हणून मी शेजारणीच्या लांडोरीचा फोटो धाडला. लांडोर ती लांडोर, असं वाटलं. परवा शेजारीण आमची लांडोर बघून म्हणाली, ही तर साधी निळीच. ह्यांना हे माहीत नाही. कळलं तर मोरांवरचा जीवच उडेल त्यांचा. मला हवं तेवढं बोल, पण त्यांना कळू देऊ नकोस.

राग सरला की आठवण काढ.
तुझी मालन

हिमायतनगर, हैदराबाद
२४ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. मालन हीस, अ. उ. आ.

तुला चार शब्द सुनावायला बसलो, आधी नोंदवही काढली आणि शिसारी आली ती माझीच. त्या लांडोरीपुढे माझ्याच वळणदार अक्षरात आहे: 'पाहताक्षणी खात्री. आठ आणे.' पायातल्या कडीचा आकडा दिसत नसेल तर फोटो परत पाठवावा, हा नियमही माझाच. त्यापायी किती जणांचे अर्ज फेकले! तू बहीण, म्हणून तुला आकडा विचारला नाही. हा मोर सोडून तिची अकरा पिल्लं माझ्या सहीने आठ आणे म्हणून मिरवताहेत. पाचूराजावाल्यांना मी कुठल्या तोंडाने नावं ठेवू?

अकराही नोंदी तांबड्या शाईने खोडल्या. बाप आठ आणे, आई निळी, म्हणून प्रत्येकी चार आणे, नव्या मोरालाही तेच. कारण लिहिलं: 'नोंद ठेवणाऱ्याची चूक.' यादीत तेच छापून येईल. तुझ्या फोटोच्या अदलाबदलीचा उल्लेख कुठे येणार नाही. हिम्मतराव मला हसतील, हसू देत. बेरीज मात्र सुधारा म्हणावं.

आणि ती पाटी पुन्हा लावायला सांग: 'एकनाथी, चार आणे हिरवा.' सगळे शब्द कोरायचे, एकही गाळायचा नाही.

तुम्हा दोघांवर होती तेवढी माया आहे, तोलून पाहिली.
दादा