पंचामृत आणि कंट्रोलचं बटण

तीर्थस्वरूप अक्काला,

धाकट्या लवूचा मुलुंडहून वाकून नमस्कार. गुडघे कसे आहेत? त्या तेलाचा (ज्याचा वास बोरिवलीहून इथपर्यंत येतो) गुण आला का? फोनच केला असता, पण आमच्या दोन खोल्यांत फोनवर बोलणं म्हणजे जाहीर सभा, म्हणून हे पत्र.

दसऱ्याला मी अपूर्वाच्या लॅपटॉपची पूजा मांडली. कारखान्यात तीस वर्षं लेथ मशीनची, पान्यांची पूजा केली; पोरीचं हत्यार हेच, म्हणून हळदकुंकू, झेंडू, सगळं साग्रसंगीत. तेवढ्यात जानकीच्या पदराने (बिचारीचा काय दोष) पंचामृताची वाटी कलंडली. पुसून काढलं, तरी कंट्रोल नावाचं बटण मधात रुतून बसलं ते बसलंच. अपूर्वाचं प्रोग्राम लिहिणं, म्हणजे लिहिलेलं जतन करणं, शोधणं, चुकलेलं मागे घेणं, सगळं त्या बटणाच्या जोडीने चालतं. आणि तासाभरात तिला परदेशातल्या साहेबांना (त्यांना कुठला दसरा) काम चालवून दाखवायचं होतं. नोकरी कायम होणं त्यावरच होतं.

पोरगी रडेल असं वाटलं, तर म्हणाली, "बाबा, बटण गेलं ना, काम थोडंच गेलंय."

ती ज्यात प्रोग्राम लिहिते त्या एडिटरात यादीच असते गं, कुठलं काम कुठल्या बटणांवर त्याची. काम निवडायचं, आपल्याला हवी ती बटणं दाबायची, की ते काम तिथे राहायला गेलं! कंट्रोलचा अख्खा संसार तिने शेजारच्या ऑल्ट नावाच्या बटणावर हलवला. एकदा तर एडिटरने अदबीने कळवलं, की या बटणांवर आधीच दुसरं काम आहे. (आमच्या सोसायटीत गाडी लावताना एवढं कोणी सांगत नाही.) अक्का, लेथचा दांडा जिथे होता तिथे मी तीस वर्षं हात वाकवला. दांडा माझ्या हाताकडे येऊ शकतो, हे कधी मनातसुद्धा आलं नव्हतं.

साहेबांसमोर तिची बोटं एकदाच चुकली. परवा पत्र आलं, नोकरी कायम झाली.

तुझा,
लवू

ता. क. भाऊबीजेला आम्ही नवराबायको येतोय. जेवणं झाली की जानकीला आत नेऊन एवढं सांगशील? वाटीला माझं कोपर लागलं होतं. ती नेमकी तेव्हाच वळली, म्हणून तिला पदर लागल्यासारखं वाटलं, आणि मी वाटू दिलं.

पुन्हा ता. क. नक्की सांग. ती त्या टेबलावरची धूळ पुसायलासुद्धा धजत नाही, आणि मला फार लाज वाटते. रोज ती विषय काढते, आणि रोज मी तिला मोठ्या मनाने माफ करतो.