अवरेच्या शेंगा आणि इंग्रजीचा तास

बंगळूर,
रविवार, ११ फेब्रुवारी १९६२

ती. सगुणाअक्कास,
धाकट्या वसूचा नमस्कार. तुझं पत्र येऊन आठवडा झाला. उत्तराला उशीर का झाला ते पत्र संपेपर्यंत तुझं तुलाच कळेल. मी आणि तुझी हेमा, दोघी बऱ्या आहोत. इकडची थंडी ओसरली. हणमंतराव भावजींचा गुडघा कसा आहे? निपाणीच्या वैद्यांचं तेल बंद करून एकदा डॉक्टरला दाखवा, हे मी मागेही लिहिलं होतं. भावजी ऐकणार नाहीत हेही लिहिलं होतं.

साडी घेतली. चिकपेटेत जाऊन तासभर बसले. दुकानदार ‘स्वल्प बसा, अक्का’ म्हणत ढीग लावत राहिला. तू आंबा रंग सांगितला होतास. मी जांभळी घेतली. रागावू नकोस, त्याचं कारण पुढे येईलच.

हेमाचं इंग्रजी कुठवर आलं म्हणून विचारलंस. तुमच्याकडे तिचं इंग्रजी आठवीत सुरू झालं, आमच्या मुलींचं पाचवीपासून. जूनमध्ये ती माझ्या वर्गात आली तेव्हा शेवटच्या बाकावर भिंतीला चिकटून बसायची. समजायचं सगळं. लिहायचीही नीट. बोल म्हटलं की दातखीळ बसायची.

आमच्या शाळेतल्या चंद्राबाईंकडे या रोगावर एकच औषध आहे. बोलेपर्यंत उभी राहा. त्यांच्या मुली उभं राहायला उत्तम शिकतात. माझ्या वर्गात नियम दोनच. एक, बोलणारीचं बोलणं संपेपर्यंत कुणी चूक सांगायची नाही, मीसुद्धा नाही. दोन, जी हसेल तिने पुढे बोलायचं. यावर बाकीच्या मुली हळूहळू बोलत्या झाल्या. तुझी लेक ढिम्म. समजावून पाहिलं, रागावून पाहिलं, दोशाचं आमिषही दाखवलं. तिने दोसा खाल्ला, बोलली मात्र नाही.

मग अवरेच्या शेंगा बाजारात आल्या. तू आता त्यांना पावटे म्हणत असशील, पण हिवाळ्यात आपल्या घरात दुसरं काही शिजत नसे हे विसरली नसशील. एका संध्याकाळी आम्ही पडवीत शेंगा सोलत बसलो होतो. सवयीने मी इंग्रजीत विचारलं, शाळेतून येताना काय पाहिलंस? तर खाली मान घालून, सोलता सोलता बाईसाहेब सांगत सुटल्या. उलटलेली बैलगाडी, सांडलेली भाजी, गाडीवानाचं भांडण. चुका होत्याच. मी वर न बघता सोलत राहिले. समोरचा तोंडाकडे बघत असला आणि हात रिकामे असले की हिचं घोडं अडतं, एवढीच ती भानगड होती. इतकी वर्षं शिकवते आहे, पण हे मला बी.टी.च्या वर्गात कुणी सांगितलं नव्हतं.

त्यानंतर दर शुक्रवारी मी वर्गात शेंगांची टोपली न्यायला लागले. मुली बाक जोडून गोल बसायच्या, सोलायच्या आणि बोलायच्या. आपण सोललेले दाणे आपल्या घरी न्यायचे. हेडमिस्ट्रेस अंबूबाई दारातून म्हणाल्या, ‘वसुमतीबाई, ही शाळा आहे की मंडई?’ मी म्हटलं, ‘सरी, बरं बाई, हंगाम संपला की बंद करते.’ हेमा भिंत सोडून पुढे आली. रोज काही ना काही बोलू लागली.

परवाच्या शुक्रवारी न कळवता इन्स्पेक्टर आले. बाकांवर सालांचा ढीग पाहून अंबूबाईंचा चेहरा पडला. साहेब म्हैसूरकडचे. त्यांनी एक शेंग उचलली, नखाने सोलली आणि जवळच्या मुलीला इंग्रजीत विचारलं, याचं काय करणार? ती मुलगी हेमा होती. ती म्हणाली, उसळ. साहेबांनी दुसरी शेंग उचलली. बरं, आणि परीक्षेनंतर काय करणार?

तुझं पत्र तिने वाचलं होतं. मीच दिलं होतं, कारण ते तिच्याबद्दल होतं. परीक्षेला बसली नाही तरी चालेल, पाहुणे मार्चमध्ये बघायला येणार, तेव्हा तिला साडीसकट पाठवून दे, असं तू लिहिलंस. ते वाचून ती ‘बरं’ म्हणाली होती. ट्रंकही आवरायला घेतली होती.

साहेबांसमोर तिने हात थांबवले नाहीत. इंग्रजीत, हळू पण सगळ्या वर्गाला ऐकू जाईल असं ती म्हणाली, ‘आई मला परीक्षेआधी घरी बोलावते आहे. माझं लग्न ठरवायचं आहे. मला जायचं नाही. मला परीक्षा द्यायची आहे, मग कॉलेजात जायचं आहे.’ क्रियापदं जागा सोडून बसली होती. कुणी हसलं नाही. साहेब ‘गुड’ म्हणाले. ते इंग्रजीला की बेताला, देव जाणे. उरलेली शेंग हातात घेऊनच ते पुढच्या वर्गात गेले.

घरी आल्यावर मी तिला म्हटलं, ‘हे मला आधी मराठीत का नाही सांगितलंस? आईला का नाही लिहिलंस?’

‘मराठीत उलट बोलल्यागत हुतंय, मावशी,’ ती म्हणाली. ‘इंग्रजीत आई नुसती मदर असते. तिला नको म्हणाय येतंय.’

मला हसू आलं, अक्का. मग रडूही आलं. हे दुसरं तुला लिहिणार नव्हते.

पोरगी वसूच्या वळणावर जाईल, असं तू लिहिलं आहेस. तुझी भीती मला कळते. रोज एकटीने ताट वाढून घेणं मलाही काही फार गोड लागत नाही. ती माझ्यासारखी व्हावी असा माझा हट्ट नाही. लग्न करायचं तर करील, पण आधी परीक्षा देऊन, आणि स्वतः हो म्हणून.

मला एबीसी कुणी शिकवली? न्हाणीघराच्या भिंतीवर कोळशाने तूच. तुझं लग्न ठरलं तेव्हा तू रीडरच्या मध्यावर होतीस. पुढचे धडे मी एकटीने वाचले. बस्त्याला चिकपेटेत गेलो तेव्हा तू जांभळ्या साडीवरून हात फिरवत होतीस आणि आत्याबाईंनी आंबा रंगाची बांधायला सांगितली. तू काही बोलली नाहीस. तुझ्यापाशी बोलायला मराठीच होती.

हेमा येणार नाही. परीक्षा होईपर्यंत तर नाहीच, आणि नंतरही तिने म्हटलं तरच. पाहुण्यांना काय सांगायचं ते भावजी ठरवतील. सगळा बोल माझ्यावर ठेवा, मला सवय आहे. तीही तुला वेगळं पत्र लिहिते आहे. मराठीत लिही, असं मी तिला सांगितलं आहे. कालपासून चार कागद फाडून झाले. पाचवा आला तर नीट वाच.

साडी उद्या पार्सलने निघेल. ती तिच्यासाठी नाही, तुझ्यासाठी आहे. रागाच्या भरात परत पाठवू नकोस. नेस.

तुझी पहिली विद्यार्थिनी,
वसू