सगळ्यांत वरचा राब

३१ मार्च

नऊ घरांची वाडी. सात गेली, दोन राहिली. राहिलेल्यातलं एक आमचं. लिहितानाही लाज वाटते.

माणूस एकही दगावलं नाही. दुपारची वेळ, बायका खाली झऱ्यावर होत्या, म्हाताऱ्यांना पाठुंगळीला मारून पोरांनी उतरवलं. काशीबाईंची गाय गोठ्यात बांधलेली राहिली. तिचं दावं सोडायला वेळ मिळाला नाही.

तलाठी आले, पंचनामा झाला. पोलीस पाटील म्हणून माझी सही. सरकारी डायरीत मी लिहिलं – वणव्याचे कारण अज्ञात. अक्षर नेहमीसारखंच आलं. म्हणून ही दुसरी वही काढली. हिच्यात तरी खरं लिहावं.

१ एप्रिल

कारण अज्ञात नाही.

३ एप्रिल

दोन दिवस वही उघडली आणि मिटली. आज लिहितेच.

२८ तारखेला सकाळी आम्ही राब भाजला – भाताची रोपं करायच्या जागेवर पाला जाळून ती भाजून घ्यायची, दरवर्षीचं काम. उद्या अवकाळी येणार असं मोबाईलवर आलं होतं, भिजला की राब फुकट, म्हणून सगळ्यांनीच घाई केली. सगळ्या उतारावर धूर होता. पण सगळ्यांत वरचा राब आमचा. त्याच्या वर नुसतं वाळलेलं गवत, थेट डोंगराच्या धारेपर्यंत.

सासूबाईंनी पाला-शेणी नीट पसरली, वरून माती टाकली, काडी लावली. मला म्हणाल्या, "मी जाते जेवणाचं बघाया. तू ऱ्हा गो. राख गार झाल्याबिगर हलू नको." हिरवी डहाळी हातात देऊन गेल्या. लग्न होऊन आले तेव्हा पहिली गोष्ट त्यांनी हीच शिकवली होती. राब भाजणं कोणालाही येतं, राखणं यावं लागतं.

आणि मी हलले. तहसीलमधून फोन येत होता, आवाज तुटत होता. बैठकीची तारीख असेल म्हणून खिंडीपर्यंत चढले. तिथेच रेंज मिळते. बैठक रद्द झाली हे सांगायला फोन होता! परत आले तेव्हा राब काळा, शांत. डहाळी दोनदा फिरवली आणि घरी गेले. तीन वाजता त्याच अंगाने आग आली.

ठिणगी उडताना पाहिली नाही. पण दुसरं काय असणार?

६ एप्रिल

माहेरची माणसं आली. तुडीलहून टेम्पो भरून बांबू, भांडी, गोधड्या. माझा भाऊ म्हणाला, "पुराच्या साली या वाडीनं आमाला भाकऱ्या पाठवल्या, आमी इसरलो नाय." सगळ्यांनी हात जोडले. मीपण जोडले. माझ्याकडे बघून म्हणाला, "बरं झालं गो, तुझं घर तरी वाचलं." त्याच्यावर इतका राग आला की चहासुद्धा नीट दिला नाही. बिचाऱ्याचं काय चुकलं?

९ एप्रिल

घरटी एक माणूस, रोज एका जोत्यावर. असं ठरलं. आधी सगळ्यांची राख उपसायची, मग भिंती. कोणाचं घर आधी यावरून एक शब्द वर गेला नाही. एरवी बांधाच्या वीतभर मातीवरून कोर्टात जाणारी माणसं! ज्यांनी दोन वर्षं एकमेकांच्या दारात पाय ठेवला नव्हता ते एकाच घमेल्याला हात लावून होते.

दीपक मुंबईहून आठ दिवसांची रजा टाकून आला आहे. घामाने निथळतो आणि खूश दिसतो. "बघ, आग लागली म्हणून का होईना, वाडी एक झाली." नवरा आहे, त्याला सांगावं असं दहादा ओठावर आलं. सांगितलं नाही.

१० एप्रिल

राखेत काशीबाईंना गाईच्या गळ्यातली घंटा सापडली. वितळून गोळा झालेली. मी तिथून निघून आले.

१४ एप्रिल

आज पहिल्यांदा नाव निघालं. महिपत भाऊजींचं.

भाऊजी नात्याने दीर. बायको गेल्यापासून एकटे. दोन वर्षं जमीन पडीक, राब नाही की भात नाही. रानातला मध काढतात, धूर करून पोळं उतरवतात. त्या दिवशी वर होते. ते त्यांनी स्वतःच सांगितलं होतं, आग विझल्यावर, पाणी पिता पिता – "मी वरच व्हतो, धारंवर. तिथनं बघितला लोळ." बस, एवढंच. पण तेवढं पुरलं. आज राख उपसता उपसता कोणीतरी म्हणालं, "मधाच्या टेंभ्यानंच झालं, दुसरं काय." लगेच चौघांनी माना डोलावल्या. इतक्या लगेच!

माझीही मान हलली का? हलली नसावी. पण मी "नाही" पण म्हटलं नाही.

१९ एप्रिल

वनरक्षक आला होता. चांगला मुलगा आहे, पण वरून दट्ट्या आहे. "पाटीलबाई, एक नाव द्या. फाईल बंद होईल. नाहीतर सगळ्या वाडीची चौकशी लागेल." बाहेर ओट्यावर बसलेली मंडळी कान देऊन होती. मग ठमाबाई – आमच्या शेजारच्या, त्यांचं घर वाचलेलं दुसरं – मोठ्याने म्हणाल्या, "वर कोण व्हता ते सगळ्यास्नी ठावं हाय." ठमाबाई कोणाबद्दल वाईट बोलणारी बाई नव्हे. मला नवल वाटलं.

मी म्हटलं, चौकशी करून कळवते. तीन आठवडे मागून घेतले. कशासाठी? स्वतःसाठीच.

२० एप्रिल

झोप नाही. जेवण नाही. सासूबाई पण ताट अर्धवट टाकून उठतात. म्हणतात, धूर बसलाय घशात.

२६ एप्रिल

सहा घरांच्या भिंती खिडकीपर्यंत आल्या. सातवं जोतं महिपत भाऊजींचं. त्याच्यावरची राखसुद्धा कोणी उपसलेली नाही. "त्याचं मागनं बघू." बाकीची कुटुंबं खाली शाळेत राहतात. भाऊजींना कोणी जा म्हटलं नाही, पण आले की चटया सरकवून बाया बाजूला व्हायच्या. आता ते देवळात झोपतात, पुढच्या ओवरीत, एका घोंगडीवर.

आणि तरी रोज सकाळी सगळ्यांच्या आधी कामावर हजर. चिखल तुडवतात, दगड वाहतात, ज्यांनी नाव घेतलं त्यांच्याच भिंती उचलतात. काशीबाई त्यांच्यासाठी रोज कालवण-भाकरी नेतात. हातात देत नाहीत, दगडावर ठेवून येतात आणि मागे न बघता निघतात. मला वाटलं, गाय गेली तरी बाईचं मन किती मोठं. मला एवढंही जमलं नाही.

आज ठरवून त्यांच्या जोत्यावर गेले, फावडं घेऊन. दोन घमेली उपसली. तेवढ्यात वरून कोणीतरी हाक मारली, "पाटीलबाय, तिथं काय करताव?" फावडं खाली टाकलं. "पंचनाम्याचं माप बघते," म्हटलं.

माझ्यासारखी भित्री बाई या तालुक्यात दुसरी नसेल.

२ मे

येसाजी आजोबांनी आज सगळ्यांना देवळापुढे बोलावलं. वाडीतले सगळ्यांत मोठे, देवाला गाऱ्हाणं तेच घालतात. त्यांचं स्वतःचं घर पार बसलं. त्या दिवसापासून वाळून काडी झालेत.

भिंती झाल्या, आता आढी चढवायची. सातही घरांची आढी एकाच दिवशी, बारा मेला. मुंबईची मंडळी तेव्हा रजा काढून येणार. मग आजोबा थांबले. काठीवर दोन्ही हात ठेवून म्हणाले, "पण आढ्याखाली पाप घेऊन कोन नांदनार? ज्याच्या हातनं इस्तू सुटला त्यानं त्याच्या आदी सहाणेवर नारळ ठेवावा. नाव कोन इचारनार नाय. ठेवला की सपला इषय. नाय ठेवला तर मी गाऱ्हानं घालनार नाय आन् आढं चढनार नाय."

सहाण म्हणजे देवळापुढचा पालखी टेकवायचा दगडी चौथरा. जुन्या काळी चोरीमारी झाली तर असंच करायचे म्हणे. नारळ आला की देवाने ऐकलं, माणसांनी तोंड बंद करायचं.

सगळ्यांचे डोळे ओवरीकडे गेले. भाऊजी घोंगडी झटकत होते. त्यांनी वर पाहिलंही नाही.

५ मे

सहाण रिकामी.

मी नारळ ठेवला तर? नाव कोणी विचारणार नाही, हे देवापुरतं. वनखात्याला काय सांगू? पोलीस पाटीलच आग लावून बसली! पद जाईल, गुन्हा दाखल होईल. ते जाऊ दे. दीपकची मान खाली जाईल. सात घरांतली माणसं उद्यापासून माझ्या दारावरून जाताना काय बघतील? आमची कौलं.

आणि नाही ठेवला तर महिपत भाऊजी.

तराजू काढून बसावं असं यात काही नाही. कोणालाही विचारलं तर एकच उत्तर देईल. मला ते उत्तर ठाऊक आहे आणि तरी मी गेला महिनाभर वहीत अक्षरं काढत बसले आहे.

७ मे

आज पुरुष मंडळी आपापसात बोलत होती. महिपतला बसवून सांगायचं, की तू नारळ ठेव, आम्ही तुझं घर पहिलं बांधतो. सगळं सुटेल. जणू काही त्याच्यावर उपकार. मी तिथेच पाणी देत होते. तांब्या आपटला. सगळे बघायला लागले. "हात घसरला," म्हटलं.

पण कोणी त्यांना सांगायला गेलं नाही. उद्या जाऊ, परवा जाऊ. तू जा, तू जा.

९ मे

सासूबाईंनी कोनाड्यातला नारळ काढून पुसून ठेवला. म्हटलं, "हा कशाला?" म्हणाल्या, "आसू दे. आढ्याच्या दिसाला लागंल." मग उगाचच माझ्यावर डाफरल्या, चूल नीट सारवत नाहीस म्हणून. एवढ्या वर्षांत असा आवाज कधी चढवला नव्हता.

दोघीही एका खोलीत बसू शकत नाही अशी अवस्था झाली आहे. मी आत गेले की त्या बाहेर.

१० मे

पोलादपूरला जाऊन आले. वनरक्षकाला भेटले. कागद समोर ठेवून म्हणाला, "नाव?" मी म्हटलं, बारा तारखेनंतर मी स्वतः लिहून देते. "कोणाचं?" तो हसला. मी नाही हसले.

येताना बाजारातून एक नारळ घेतला. पिशवीत कोथिंबिरीखाली लपवून आणला. चोरी लपवण्याचा सराव झाला आहे मला.

११ मे

मुंबईची गाडी संध्याकाळी आली. दीपक आला. सात आढी देवळाच्या बाजूला ओळीने मांडलेली, हळद लावून. त्यातलं एक भाऊजींच्या नावाचं, पण त्यांच्या जोत्यावर भिंतच नाही तर ते कुठे चढवणार, हे कोणी बोललं नाही. सहाण अजून रिकामी. येसाजी आजोबा तिच्याकडे बघतात आणि तोंड फिरवतात.

दीपकला आज सांगितलं. सगळं. तो शेजारी येऊन टेकला. मग म्हणाला, "फोन कोणाचा होता?" मी म्हटलं, त्याने काय फरक पडतो? म्हणाला, "नाय पडत." आणि पाठीवर हात ठेवला.

उद्या उजाडता उजाडता जाते. ठरलं. आता मागे फिरणं नाही.

१२ मे

गेले. तांबडं फुटत होतं. सहाणेवर आठ नारळ होते.

मी मोजले, परत मोजले. नऊ घरांची वाडी. महिपत भाऊजी ओवरीत घोंगडी पांघरून जागे बसले होते. म्हणाले, "ठेव वयनी, लाजू नको. येसाजी आजा पयला आला. ठमाबाय आली, काशीबाय आली. तुझी सासू आताच गेली, तुझ्या घरचा आलाय खरं तर. समद्यांस्नी वाटलं मी झोपलोय." काशीबाईंचा राब खालच्या खाचरात, झऱ्याला लागून. भोवती सगळी ओल, तिथून आग वर येईल कशी? तरी त्यांनी ठेवला होता.

मी माझा ठेवला. मग विचारलं, "भाऊजी, तुमचा?"

"माजा कशाला? त्या दिशी पोळं काढलंच नाय. वर गेल्याव बघितलं तर काडेपेटी घरीच ऱ्हायलेली. तसाच बसलो व्हतो."

"मग सांगितलं का नाही कोणाला?"

"कोनी इचारलं नाय."

पोलीस पाटील मी. मीही विचारलं नव्हतं.