सहा नंबरची मूठ

एल्स्पेथ,

बॉयलरशेजारी तुझ्या टॉवेलांच्या कपाटात नऊ नंबरची गोल्फची काठी उभी आहे, हलवू नकोस. शेडमधल्या गारठ्यात तिचं चिकटवलेलं लोखंडी डोकं पक्कं होईना. टॉवेलांना वास लागला म्हणून काय ओरडायचं ते मी आल्यावर ओरड. हाताच्या तपासणीसाठी डंडीची बस पकडतोय. तुला मुद्दामच उठवलं नाही.

काल सहा नंबरच्या काठीची रबरी मूठ माझ्याकडून वाकडी बसली होती. आज बघतो तर सरळ! मांजराने तर केली नसणार. किती बरं वाटलं, कसं सांगू?

तू भांडी घासताना मी तुझ्या मनगटापासून जमिनीपर्यंत मापाचा टेप लावला, तेव्हा "माझी शवपेटी बनवतोस काय?" म्हणून खेकसली होतीस. वेडे, हा काठ्यांचा सगळा संच तुझ्याच मापाचा आहे.

नऊ नंबरची मूठ राहिलीय. तीही तूच बसव, पण या वेळी माझ्यादेखत.

युअन