दुर्बिणी, दोन खुर्च्या आणि एकोणीस दिवसांचे मैदान

मी, सुएनो कानामारू, वय एकोणऐंशी, राहणार हामासे, बंदराकडे उतरणाऱ्या रस्त्यावरील चष्म्यांच्या दुकानाचा वरचा मजला, हे सर्व माझ्या हाताने आणि कोणी मानगुटीवर बसलेले नसताना लिहून ठेवते. डोके ठिकाणावर आहे. तसा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. माझा थोरला भाऊ मासुओ याने दिलेला नाही, पण त्याचा दाखला कायद्याला लागत नाही. याआधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. ते मी रागात केले होते आणि त्यात दादाला फक्त एक छत्री ठेवली होती.

कलम १. घर, दुकान आणि त्याखालची जमीन माझी एकुलती मुलगी चिगुसा हिला. अट कोणतीही नाही. ती ओसाकात बँकेच्या कर्जविभागात आहे. विकायचे की ठेवायचे, हे तिला माझ्यापेक्षा चांगले कळते.

कलम २. दुर्बिणी, एकूण बासष्ट, नदीच्या मुखाजवळच्या प्राथमिक शाळेला, पक्षी बघण्यासाठी. काचा मऊ कापडानेच पुसाव्यात, सदऱ्याच्या बाहीने नव्हे.

या दुर्बिणींवर मी एकतीस वर्षे जेवले, म्हणून दोन ओळी जास्त लिहिते. आमचा फुटबॉल संघ पूर्वी नगरपालिकेच्या क्रीडांगणावर खेळे. तिथे मैदानाभोवती आठ पदरी धावपट्टी होती. गोलामागे बसलेल्या माणसाला समोरचा गोल म्हणजे भाताचे शीत दिसे. माझे यजमान तेइजी एकदा म्हणाले, "लोक पैसे देऊन आत येतात आणि बाहेर बसल्यासारखे बसतात." पुढच्या सामन्याला त्यांनी दुरुस्त केलेल्या दुर्बिणी फाटकाशी टेबलावर मांडल्या. भाडे तीनशे येन. ते गेल्यावर टेबल मी चालवले.

कलम ३. बँकेतील शिल्लक, जी काही उरली असेल ती, चिगुसालाच. ती अपेक्षेपेक्षा कमी का आहे, हे तिला माहीत आहे. बाकीच्यांसाठी लिहिते.

वरच्या श्रेणीत जायचे तर फुटबॉलचे स्वतंत्र मैदान हवे, असे लीगचे पत्र आले. नगरपालिका म्हणाली, मासळी डबाबंद करण्याच्या बंद कारखान्याची जागा फुकट वापरा, पण बांधकामाचे पैसे क्लबने उभे करावेत आणि देखभालीला करातून एक येन मिळणार नाही. क्लबने बारा हजार खुर्च्यांचा, नऊ अब्ज येनांचा आराखडा आणला. जाहीर सभेत दादा उठला. तो शाळेत धावण्याचा मास्तर होता, आणि धावपट्टीला कोणी नावे ठेवली की त्याला घरच्या माणसाला ठेवल्यासारखे वाटते.

"घरच्या मैदानावर सामने किती? एकोणीस," तो म्हणाला. "उरलेले तीनशे शेहेचाळीस दिवस तिथं काय करणार? गवत विकणार?"

सगळी सभा हसली. मी उठले. "दादा, तुझ्या धावपट्टीवर तरी रोज कोण धावतं?"

"मी धावतो."

हे खरे होते, आणि म्हणूनच मला जास्त राग आला. त्यानंतर तीन वर्षे आम्ही एकमेकांशी बोललो नाही. नववर्षाची कार्डे पाठवायचो, पण छापील मजकुराची.

घरी येऊन मी कागद-पेन्सिल घेतली. रात्रीचे जेवण राहून गेले आणि हिशेब दादाचाच बरोबर निघाला. सामन्याला सरासरी माणसे येत तेवीसशे. बारा हजार खुर्च्यांत ती विखुरली असती तर दुर्बिणी मैदान बघायला नव्हे, शेजारी शोधायला लागल्या असत्या. पुढच्या सभेत मी म्हणाले, खुर्च्या निम्म्या करा आणि प्रेक्षागाराखाली वर्षभर भाड्याने जातील असे गाळे काढा.

क्लबचे तेव्हाचे अध्यक्ष मला म्हणाले, "कानामारूबाई, दुर्बिणींचा धंदा वाचवायला मैदान लहान करताय का?"

"लहान मैदानात तो आधी बुडेल, साहेब."

त्यांनी माझी माफी मागितली नाही. मी त्यांना या कागदाद्वारे माफ करते, पण अर्धेच.

शेवटी खुर्च्या ठरल्या पाच हजार सहाशे, खर्च चार अब्ज. प्रेक्षागाराखाली पाळणाघर, डोळ्यांचा दवाखाना, पावाची भट्टी आणि आमच्यासारख्यांसाठी व्यायामाची खोली. वर्गणीची मुदत संपायला नऊ दिवस होते आणि रक्कम भरत नव्हती. यजमानांच्या विम्याचे ऐंशी लाख येन मी नेऊन दिले. चिगुसाचा फोन आला.

"आई, असल्या ठिकाणी पैसे घालू नका, हे मी रोज दहा माणसांना सांगते."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"आत्ता सांगतेय ना."

"आत्ता देऊन झाले."

 मग ती म्हणाली, "पावती तरी घेतलीस का?" तेव्हा मला कळले की तिने माझ्याशी वाद घालणे सोडून दिले आहे. पावती डाव्या खणात आहे.

कलम ४. चौथ्या रांगेतील सतरा आणि अठरा क्रमांकाच्या खुर्च्या, वर्गणीदार म्हणून माझ्या नावे आहेत, त्या दादाला. क्लबने लेखी मान्यता दिली आहे.

मैदान उघडले त्या दिवशी मी सतरावर बसले. अठरा रिकामी ठेवली होती, ह्यांच्यासाठी. सामना सुरू झाला आणि गोलरक्षक ओरडला, "सोड, माझा!" मी दचकून इकडेतिकडे पाहिले. मग पाय चेंडूवर बसल्याचा आवाज आला, नडगीवर नडगी आपटल्याचा आला, कोणीतरी कोणाच्या तरी बहिणीबद्दल बोलले तेही आले. एकतीस वर्षे मी फुटबॉल पाहिला होता. ऐकला त्या दिवशी. मला इतके हसू येत होते की शेजारच्या बाईंनी मला पाणी दिले.

विसाव्या मिनिटाला आमचा गोल झाला. मागून ओळखीचा आवाज आला. "कोणी मारला?"

वळून पाहते तर दोन रांगा मागे दादा, स्वतःच्या पैशाने तिकीट काढून.

"तो समोर उड्या मारतोय, तो," शेजारचा माणूस त्याला म्हणाला.

"कोण उड्या मारतंय?" दादा म्हणाला.

सोमवारी मी त्याला हाताला धरून प्रेक्षागाराखालच्या दवाखान्यात नेले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. दुसऱ्या डोळ्याची पट्टी निघाल्यावर तो मला म्हणाला, "माझ्या दोन डोळ्यांनी तुमच्या मैदानाचं भाडं भरलं. आता तरी बोल."

मी बोलले. अजून थांबलेले नाही.

अट एकच. दादाने खेळ चालू असताना बाजूच्यांना अर्थशास्त्र सांगू नये. मध्यंतरात सांगावे.

कलम ५. क्लबचे चाळीस समभाग चिगुसाला. त्यांवर आजवर लाभांश मिळालेला नाही. पहिली दोन वर्षे मैदान तोट्यात होते, तिसऱ्या वर्षी नाक पाण्यावर आले, आणि तेही तिकिटांनी नव्हे, पाळणाघराच्या भाड्याने. दादा म्हणतो, मैदानात खर्च झालेले शंभर येन म्हणजे मासळीबाजाराजवळच्या खानावळीत न गेलेले शंभर येन. हेही बरोबर आहे. मैदानाने गाव श्रीमंत झाले नाही. हे मी लिहून ठेवते, कारण दादा ते ऐकायला दहा वर्षे थांबला आहे. फक्त पूर्वी शनिवारी दुपारी या गावात मी कोणाला ओळखत असे, तर गिऱ्हाइकांना. आता चौथ्या रांगेतल्या सगळ्यांची नावे, दुखणी आणि सुना मला पाठ आहेत. हे कोणत्या रकान्यात लिहायचे, ते चिगुसाने ठरवावे. समभाग विकायचे झाले तर गावातल्याच माणसाला विकावेत.

कलम ६. मी हंगामात गेले तर अंत्यविधीची तारीख वेळापत्रक बघून ठरवावी. घरच्या सामन्याच्या दिवशी ठेवू नये, निम्मे लोक येणार नाहीत आणि मला त्यांचा राग धरता येणार नाही.

मला आजार काही नाही. गुडघा दुखतो, तो जिन्यांमुळे. हे लिहिले ते घर आवरतो तसे आवरून ठेवावे म्हणून. आमच्या इथल्या कायद्यात हाताने लिहिलेल्या मृत्युपत्राला साक्षीदार लागत नाहीत, सही आणि नावाचा शिक्का पुरतो. तरी मी दोघांना बोलावले, कारण दादा म्हणेल अक्षर माझे नाही. साक्षीदार दारात बूट घालून उभे आहेत आणि घड्याळ बघत आहेत. मला जगातून जायची अजिबात घाई नाही. घरातून आहे, दोन वाजता सामना सुरू होतो.

ठिकाण: हामासे
दिनांक: १९ एप्रिल २०२५, शनिवार, दुपारी एक वाजून दहा मिनिटे

सही व शिक्का: सुएनो कानामारू

साक्षीदार:
१. डॉ. मिनाए ओकित्सु, नेत्रवैद्य
२. शिगेहारू उनो, पावभट्टीचे मालक (बाईंनी हे आमच्यासमोर लिहिले. मध्ये एकदाच थांबल्या, आज संघात कोण कोण आहे ते विचारायला.)