डाळ शिजेना म्हणून

भिसेगाव, कर्जत. कार्तिक वद्य सप्तमी, शके १८१२.

सौभाग्यवती उमा हीस अखंड सौभाग्याचा आशीर्वाद.

माझा ताप उतरून आठ दिवस झाले. काळजीचे कारण नाही. परान्न वर्ज्य असल्याने खिचडी स्वतःच रांधतो. मात्र तांदळाचा लगदा होतो आणि तुरीची डाळ कच्चीच राहते. तीस वर्षे न्यायशास्त्र शिकविलेल्या मी चार दिवस दोष क्रमाने शोधला: आधी पाण्यात, मग लाकडांत, मग डाळीत.

आज चिंधी ठाकरीण मोळी टाकायला आली. अंगणातूनच म्हणाली, "बुवा, मीठ आदी टाकता का? मग डाळ शिजंल कशी? घरची बाई कुठं हाय?"

मीठ मी आधीच घालीत होतो. दुसऱ्या प्रश्नास, निघताना तुला सांगितले तेच उत्तर दिले, की इथली हवा तिला मानवणार नाही.

ती हसली. "आन् तुमाला मानवली व्हय?"

मीठ मागाहून घालायचे ठरवून मी डाळ चुलीवर चढविली. आज डाळ शिजली. परंतु पातेले उतरविल्यावर पानावर बसण्याचे बळ उरले नाही.

तुझा गुडघा कसा आहे? चालवत असेल तर धोंडूच्या सोबतीने पुण्याहून आगगाडीने निघावे. माझे कारण टिकणारे नव्हते. लिहिण्यासारखे एवढेच उरले, की तू यावेस.

त्रिंबकशास्त्री